इंटरनेटवर कर लावावा का? चार मार्गांची तुलना

इंटरनेटवर कर लावावा का, असं विचारलं की उत्तर लगेच येतं. सरकारी तिजोरीची काळजी असलेला माणूस हो म्हणतो, महिन्याच्या रिचार्जची काळजी असलेला नाही म्हणतो. पण प्रत्यक्ष मसुद्यावर हरकत नोंदवायची असेल, आपल्या लोकप्रतिनिधीला काही कळवायचं असेल किंवा स्वतःचंच मत पक्कं करायचं असेल, तर एवढ्यावर भागत नाही. एकाच नावाखाली चार अगदी वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात: इंटरनेट जोडणी पूर्ण करमुक्त ठेवणं, बाकी सेवांवर असतो तोच कर तिच्यावरही घेणं, फक्त इंटरनेटसाठी खास कर बसवणं, आणि वापरणाऱ्याऐवजी कंपन्यांकडून वसूल करणं.

माझं मत सुरुवातीलाच मांडलेलं बरं. खास कर कुठल्याही रूपात आला तरी त्याला विरोध करावा. सर्वसाधारण दराचा कर मान्य करायला हरकत नाही, पण त्याहून एक टक्काही जास्त नको. उरलेल्या दोन मार्गांत गुण आहेत, पण कागदावर दिसतात तेवढे नाहीत.

खास करापासूनच सुरुवात करू, कारण सरकारांना सर्वांत जास्त मोह त्याचाच पडतो.

खास कर: रोजचा, जीबीमागचा किंवा ॲपमागचा

ही कल्पना जुनी आहे. १९९०च्या दशकात कॅनडाचे अर्थतज्ज्ञ आर्थर कॉर्डेल यांनी 'बिट टॅक्स' सुचवला होता. तारांमधून जितकी माहिती वाहील तितका कर, असं त्याचं साधं सूत्र. १९९९च्या संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास अहवालातही ही कल्पना आली. गरीब देशांत इंटरनेट पोचवायला पैसा उभा करावा, हा तिथला हेतू होता आणि तो प्रामाणिक होता. पुढे वेगवेगळ्या सरकारांनी ही कल्पना उचलली, तेव्हा हेतू बाजूला पडला आणि वसुली तेवढी उरली.

युगांडाचं उदाहरण नीट पाहण्यासारखं आहे, कारण तिथे हा कर नुसता जाहीर झाला नाही, तीन वर्षं चाललासुद्धा. २०१८च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष योवेरी मुसेव्हेनी यांनी अर्थमंत्र्यांना पत्र लिहून समाजमाध्यमांवरच्या गावगप्पांवर कर लावायला सांगितलं. १ जुलैपासून फेसबुक, व्हॉट्सॲप, ट्विटर अशा ॲपसाठी दिवसाला २०० शिलिंग कर सुरू झाला. कर भरला नाही तर ॲप बंद. तेव्हाच्या हिशेबाने ही रक्कम अमेरिकी पाच सेंटांच्या आसपास होती. दिवसाला ती क्षुल्लक वाटते, पण महिन्याला ६,००० शिलिंग होतात. जो माणूस डेटाच थोडाथोडा, दिवसापुरता विकत घेतो, त्याला डेटाच्या किमतीच्या बरोबरीने कर मोजावा लागला. महिन्याचा मोठा पॅक घेणाऱ्याला तो जाणवलाही नसेल.

लोकांनी काय केलं? आपण कुठलं ॲप वापरतो हे कंपनीपासून लपवणारे व्हीपीएन फोनमध्ये टाकले. कंपाला शहरात निदर्शनं झाली. गायक आणि खासदार बॉबी वाइन त्यांत पुढे होते. पहिल्या आर्थिक वर्षात २८४ अब्ज शिलिंग मिळतील असा सरकारचा अंदाज होता, हाती आले सुमारे ४९ अब्ज. २०२१मध्ये हा कर रद्द करून डेटावर १२ टक्के अबकारी कर आणला गेला. त्यावर १८ टक्के मूल्यवर्धित कर आहेच. म्हणजे १०० शिलिंगच्या डेटावर आधी १२, मग त्या ११२वर १८ टक्के, आणि ग्राहकाच्या खिशातून जातात १३२हून जास्त. या नव्या करातून वैद्यकीय आणि शैक्षणिक सेवांसाठीचा डेटा वगळला, हे चांगलंच झालं. पण एखादा विद्यार्थी मोबाइलवर अभ्यासाचा व्हिडिओ पाहतो आहे की करमणुकीचा, हे ठरवणार कोण आणि कसं?

जीबीमागे कर लावण्याचा प्रयत्न हंगेरीने केला. २०१४च्या ऑक्टोबरमध्ये व्हिक्टर ओर्बान यांच्या सरकारने दर जीबीला १५० फोरिंटचा प्रस्ताव आणला. लोक चिडलेले पाहून व्यक्तींसाठी महिन्याला ७०० फोरिंटची कमाल मर्यादा घातली, तरी बुडापेस्टच्या रस्त्यांवर हजारोंचा जमाव उतरला आणि महिना संपायच्या आत ओर्बान यांनी प्रस्ताव मागे घेतला. पुढची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्याच सरकारने इंटरनेट जोडणीवरचा मूल्यवर्धित कर २०१७मध्ये २७ टक्क्यांवरून १८वर आणि २०१८मध्ये ५ टक्क्यांवर आणला. लोकांनी ठाम नकार दिला तर धोरण उलट्या दिशेलाही वळतं, ते असं.

बेनिनने २०१८मध्ये समाजमाध्यमांच्या वापरावर दर एमबीला ५ फ्रँक कर लावला. आकडा लहान दिसतो. एका जीबीचा गुणाकार केला की ५,००० फ्रँकांच्या वर जातो. काही दिवसांतच तो मागे घ्यावा लागला. लेबनॉनमध्ये १७ ऑक्टोबर २०१९ला व्हॉट्सॲप कॉलवर दिवसाला २० सेंट आकारण्याचा बेत जाहीर झाला आणि त्याच दिवशी मागेही घेतला गेला. तोवर लोक रस्त्यावर आले होते. त्यांचा राग खूप आधीपासून साचलेला होता, हा कर फक्त ठिणगी ठरला. २९ ऑक्टोबरला पंतप्रधान साद हरीरी यांनी राजीनामा दिला.

या कराच्या बाजूने जो खरा मुद्दा आहे तो टाळून चालणार नाही. ज्या देशांत बहुतेक लोक रोजंदारीवर किंवा नोंद नसलेल्या कामांत आहेत, तिथे आयकर मोजक्यांपर्यंतच पोचतो. दूरसंचार कंपन्या मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात, प्रत्येक रिचार्जची नोंद असते, आणि वसुलीचा खर्च जवळजवळ शून्य. शाळा, दवाखाने, रस्ते यांसाठी पैसा कुठून तरी आणावा लागतो, हेही खरंच. पण वसूल करायला सोपा असणं हा कराचा एक गुण झाला. कुणाकडून किती घ्यायचं, याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

जीबीमागच्या ठरावीक कराचा एक दोष मला सर्वांत मोठा वाटतो. डेटाचा वापर वर्षागणिक वाढतो आणि एका जीबीची किंमत घटत जाते. कराची रक्कम मात्र कायद्यात लिहिलेली, जागच्या जागी. त्यामुळे दर न वाढवताही किमतीतला कराचा वाटा आपोआप फुगत जातो आणि स्वस्ताईचा फायदा लोकांपर्यंत पोचायच्या आधीच गिळला जातो. शिवाय फोन स्वतःहून जे अपडेट उतरवतो, पानाबरोबर ज्या जाहिराती येतात, त्यांचाही कर वापरणाऱ्यानेच भरायचा.

ॲपमागच्या कराचा धोका वेगळाच आहे. कोण कुठलं ॲप उघडतं हे तपासल्याशिवाय तो वसूलच होत नाही. म्हणजे कर गोळा करण्याच्या निमित्ताने प्रत्येक ग्राहकाच्या वापरावर लक्ष ठेवणारी यंत्रणा कंपन्यांकडून उभी करून घेतली जाते. एकदा उभी राहिलेली अशी यंत्रणा फक्त कराच्याच कामाला येईल, याची हमी कोण देणार? टीकाकारांच्या बोलण्याला गावगप्पा म्हणणाऱ्या सरकारच्या हाती तर ती जाऊच नये.

सर्वसाधारण कर: इतरांइतकाच

बहुतेक देशांत इंटरनेटवर मूल्यवर्धित कर किंवा वस्तू व सेवा कर असतोच. भारतात तो १ जुलै २०१७पासून १८ टक्के आहे. खास कर आणि हा कर यांत टक्केवारीपलीकडे एक मोठा फरक आहे. नोंदणीकृत व्यावसायिकाने इंटरनेटच्या बिलावर भरलेला कर त्याला आपल्या विक्रीवरच्या करातून वजा करता येतो. बोजा शेवटच्या ग्राहकावर पडतो, उत्पादनाच्या साखळीत साचत नाही. अबकारी करात किंवा दिवसाच्या आकारात अशी वजावट सहसा नसते. तिथे दुकानदाराच्या, मालवाहतूकदाराच्या, शिकवणी घेणाऱ्याच्या खर्चात कर मुरतो आणि त्यांच्या वस्तू-सेवांच्या किमतीतून पुन्हा बाहेर येतो.

या मार्गाचा दोष असा, की टक्केवारी सर्वांना सारखी असली तरी गरिबाच्या कमाईतला मोठा हिस्सा जातो. आणि नोंदणीच नसलेल्या छोट्या व्यावसायिकाला वजावटीचा उपयोगही नसतो. तरीही कर किमतीच्या प्रमाणात असल्याने डेटा स्वस्त झाला की करही उतरतो, हा मोठा दिलासा.

दर किती असावा, याबद्दल ब्राझीलमधला निकाल मला मार्गदर्शक वाटतो. तिथली राज्यं दूरसंचार सेवांवर सर्वसाधारण दरापेक्षा बराच जास्त कर घेत होती. सांता कातारिना राज्यात १७ टक्क्यांच्या जागी २५ टक्के होता. २०२१मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे घटनाबाह्य ठरवलं: सेवा जर अत्यावश्यक असेल, तर तिच्यावर चैनीच्या वस्तूसारखा जादा कर लावता येणार नाही. २०२२मध्ये तसा कायदाही झाला. कुठल्याही देशात ही कसोटी लावता येते. इंटरनेटवरचा कर त्या देशाच्या सर्वसाधारण दराच्या वर असेल, तर सरकारने आधी त्याचं कारण सांगावं.

पूर्ण करमुक्ती

अमेरिकेने हा मार्ग धरला. १९९८च्या कायद्याने राज्यांना आणि स्थानिक संस्थांना इंटरनेट जोडणीवर नवा कर लावायला मनाई केली. मुदत सुरुवातीला तीन वर्षांची होती, ती वाढत गेली आणि २०१६मध्ये मनाई कायमची झाली. आधीपासून कर घेणाऱ्या मोजक्या राज्यांना ३० जून २०२०पर्यंत सवलत मिळाली. इथे एक घोटाळा नेहमी होतो. जोडणी करमुक्त म्हणजे इंटरनेटवरची खरेदी करमुक्त नव्हे. ऑनलाइन विक्री करणाऱ्या 'वेफेअर' कंपनीच्या खटल्यातल्या २०१८च्या निकालानंतर राज्यं बाहेरच्या ऑनलाइन विक्रेत्यांनाही विक्रीकर गोळा करायला लावू शकतात.

करमुक्ती ऐकायला सर्वांत चांगली वाटते, पण दोन शंका राहतात. बाजारात एकच किंवा दोनच कंपन्या असतील, तर वाचलेला कर ग्राहकाला मिळेल की कंपनीच्या नफ्यात जाईल? स्पर्धा नसेल तर दुसऱ्याचीच शक्यता जास्त. आणि सुटलेला महसूल भरून काढायला सरकार कशावर कर वाढवेल? तो अन्नधान्यावर किंवा औषधांवर जाणार असेल, तर इंटरनेटची करमुक्ती गरिबाला महागात पडेल.

कंपन्यांकडून वसुली

यातही दोन प्रकार. पहिला, बड्या डिजिटल कंपन्यांच्या उलाढालीवरचा कर. फ्रान्सने २०१९मध्ये तो ३ टक्के लावला, जगभरात ७५ कोटी युरोंहून जास्त आणि फ्रान्समध्ये अडीच कोटी युरोंहून जास्त डिजिटल महसूल असलेल्या कंपन्यांवर. भारताने २०१६मध्ये ऑनलाइन जाहिरातींवर ६ टक्के आणि २०२०मध्ये परदेशी ई-कॉमर्सवर २ टक्के 'समतुल्य आकार' (इक्वलायझेशन लेव्ही) नावाचा कर लावला. २ टक्क्यांचा ऑगस्ट २०२४मध्ये गेला, ६ टक्क्यांचा १ एप्रिल २०२५ला. कॅनडाने अमेरिकेच्या व्यापारी दबावाखाली जून २०२५मध्ये आपला कर सोडून दिला. न्यायाच्या दृष्टीने हा प्रकार मला सर्वांत योग्य वाटतो. पण तो टिकवायला मोठ्या देशाशी पंगा घेण्याची ताकद लागते आणि लहान देशांकडे ती क्वचितच असते.

दुसरा प्रकार सार्वत्रिक सेवा निधीचा. दूरसंचार कंपन्यांनी महसुलाचा वाटा द्यायचा आणि त्यातून दुर्गम भागांत सेवा पोचवायची. भारतात २००२पासून असा निधी आहे, आता त्याचं नाव डिजिटल भारत निधी. त्यात जमलेल्या पैशांपैकी मोठी रक्कम वर्षानुवर्षं खर्चाविना पडून राहिली, ही जुनी तक्रार आहे. अमेरिकेतल्या निधीला जून २०२५मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवलं, पण त्याचा पाया आटतो आहे. वर्गणी मुख्यतः टेलिफोन सेवेच्या महसुलावर आकारली जाते, ब्रॉडबँडच्या नाही. त्यामुळे तिचा दर ३० टक्क्यांच्याही वर गेला आहे. आणि कंपन्या ही रक्कम ग्राहकाच्याच बिलात घालतात. तेव्हा कंपनीकडून घेतलं म्हणजे ग्राहक सुटला, असं समजू नये.

मत बनवताना

संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाने ठेवलेलं एक लक्ष्य कामाला येतं: प्राथमिक ब्रॉडबँड सेवेची किंमत दरडोई मासिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ टक्क्यांच्या आत असावी. प्रस्तावित करासकट किंमत या रेषेच्या वर जात असेल, तर माझ्या मते चर्चा तिथेच थांबावी. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०२४मध्ये केलेल्या अंदाजानुसार त्या वर्षीही सुमारे २६० कोटी लोक इंटरनेटच्या बाहेर होते. खास कराने आधी अडणार ते हेच लोक आणि नुकतेच आत आलेले.

किंमत रेषेच्या आत असेल, तर पुढे पाहायचं ते कराचं स्वरूप. टक्केवारीतला आहे की ठरावीक रकमेचा? व्यावसायिकाला वजावट मिळते का? वसुलीसाठी कुणाचा वापर तपासावा लागतो का? या तीन प्रश्नांत ठरावीक रक्कम आणि तपासणी अशी उत्तरं आली, तर दर कितीही कमी असो, नकार द्यावा. दर पुढच्या अर्थसंकल्पात वाढवता येतो. सर्वसाधारण दराचा कर असेल तर मान्य करावा आणि सर्वांत स्वस्त पॅकना सूट मागावी. निधी असेल, तर दरवर्षी किती जमले, किती खर्चले आणि कुठे, हा हिशेब जाहीर करण्याचं बंधन कायद्यातच लिहून घ्यावं. नंतर नियमावलीत घालू, या आश्वासनावर सही करू नये.