परम ब्रह्म की परम सिद्धी: खातं कुठे मागाल?

राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधून पुण्यात आलेली ही दोन मशीन्स, म्हणजे महासंगणक: आयसर या विज्ञान संस्थेतलं परम ब्रह्म आणि सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेतलं परम सिद्धी-एआय. संशोधनासाठी यातल्या कुठल्या मशीनवर खातं मागावं, हा प्रश्न आहे. ‘मोठं कुठलं?’ हाच प्रश्न आधी येतो आणि घोळ तिथेच होतो. सिद्धीच्या नावापुढे २१० पेटाफ्लॉप झळकतात (एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतकी गणितं, म्हणजेच हजार टेराफ्लॉप), पण ते न्यूरल नेटवर्कला चालणाऱ्या कमी अचूकतेच्या गणिताचं माप. डबल प्रिसिजनमध्ये, म्हणजे ६४ बिटांच्या जास्त अचूक गणितात, जगातल्या वेगवान महासंगणकांच्या नोव्हेंबर २०२० च्या टॉप-५०० यादीत सिद्धीने ४.६ पेटाफ्लॉप दाखवले आणि ६३ वा क्रमांक पटकावला. ब्रह्म २०१९ चं, तेव्हाची क्षमता ७९७ टेराफ्लॉप. तरीही रसायन किंवा द्रवगतिकीवाल्यांनी आधी ब्रह्मचा दरवाजा ठोठावावा, असं माझं मत.

कारण सरळ आहे: तुमचा कोड जीपीयूवर, म्हणजे एकाच वेळी हजारो गणितं करणाऱ्या ग्राफिक्स कार्डावर, चालतो का? सिद्धीचे ४२ नोड (नोड म्हणजे महासंगणकातला एक सुटा संगणक), प्रत्येकात एनव्हिडियाची आठ ए-१०० जीपीयू कार्डं. त्यातलं एक कार्ड कागदावर, टेन्सर कोअर (मॅट्रिक्स गुणाकाराचे खास भाग) न वापरताही, डबल प्रिसिजनमध्ये ९.७ टेराफ्लॉप देतं. ब्रह्मचा ४८ कोअरचा अख्खा नोड जेमतेम साडेचार. पण हा फायदा कोड कार्डापर्यंत पोहोचला तरच. अनेकजण आठ कार्डं मागतात, जॉब (मशीनला दिलेलं काम) सुरू झाल्यावर कार्डांचा वापर दाखवणारी एनव्हिडिया-एसएमआय ही कमांड लावून बघतात, तर एक कार्ड ९५ टक्क्यांवर आणि बाकीची सात शून्यावर. रांगेत ताटकळणाऱ्याने ते पाहिलं तर शिव्याच घालेल.

डीप लर्निंग असेल तर विचार करायची गरजच नाही, सिद्धी. ग्रोमॅक्सवाल्यांनीही, म्हणजे रेणूंच्या हालचालींचं सिम्युलेशन करणाऱ्यांनीही, तिकडेच जावं. मध्यम आकाराच्या प्रथिनाला एक-दोन कार्डं पुरतात. व्हॅस्प आणि क्वांटम एस्प्रेसो ही पदार्थांची इलेक्ट्रॉन-रचना काढणारी सॉफ्टवेअरं दोन्हीकडे चालतात, पण जीपीयूसाठी वेगळं कंपाइल करावं लागतं. (व्हॅस्पचा परवाना तुमच्या गटाकडे हवा, तो मशीनबरोबर मिळत नाही.) डब्ल्यूआरएफ (हवामान), ओपनफोम (द्रवगतिकी), घरचा जुना फोरट्रान कोड: ब्रह्म.

मेमरीचा हिशोब मात्र अर्जाआधीच मांडा. ब्रह्मच्या साध्या नोडवर १९२ जीबी, म्हणजे कोअरमागे ४ जीबी. कपल्ड क्लस्टरसारख्या (क्वांटम रसायनातली एक अचूक पद्धत) मेमरीला भुकेल्या गणितांना ७६८ जीबीचे नोड आहेत, पण ते मोजकेच. सिद्धीच्या नोडवर १ टीबी असली तरी एका कार्डावर फक्त ४० जीबी. मॉडेल त्यात मावत नसेल तर ते कार्डांवर वाटण्याचं काम तुमच्याच गळ्यात.

रोजच्या वापरात फरक कमी. दोन्हीकडे लिनक्स आणि जॉब टाकायला स्लर्म, म्हणजे जॉबची रांग सांभाळणारं सॉफ्टवेअर. देखभालीची सूचना आली की एक गोष्ट हमखास विसरली जाते: वॉलटाइम (जॉबसाठी मागितलेला कमाल वेळ) मशीन बंद होण्याच्या वेळेवर चढत असेल तर स्लर्म तो जॉब सुरूच करत नाही. नोड मोकळे दिसत असूनही जॉब पेंडिंगमध्येच राहतो आणि सपोर्टकडे तक्रारींचा पाऊस पडतो. उद्या सकाळी मशीन बंद होणार असेल तर ७२ तासांऐवजी १० तास मागा, मधल्या फटीत जॉब निघून जाईल. अर्थात त्यासाठी कोडला चेकपॉइंट ठेवता यायला हवा, म्हणजे मधली स्थिती साठवून पुढे तिथूनच सुरू करता यायला हवं.

अजूनही ठरत नसेल तर तुमच्या नेहमीच्या इनपुटचा छोटा तुकडा आधी प्रयोगशाळेतल्या साध्या जीपीयूवर चालवून बघा. वेळ निम्म्यावरही येत नसेल तर सिद्धीचा अर्ज सध्या बाजूला ठेवा.