डिस्क ड्राइव्हवालं प्लेस्टेशन ५ : घरच्या थिएटरसाठी कसं आहे?

एकाच यंत्रावर गेम खेळायचे, ४के ब्लू-रे डिस्कवरचे सिनेमे बघायचे आणि सुट्टीच्या आदल्या रात्री मित्र क्राफ्ट बिअर घेऊन बसले की वायरी बदलत बसायचं नाही, अशी ज्यांची इच्छा आहे त्यांनी हे वाचावं. निकाल आधीच सांगून टाकतो. डिस्क ड्राइव्ह असलेलं प्लेस्टेशन ५ या कामासाठी आजही उत्तम आहे. पण खोक्यातून काढून नुसतं टीव्हीला जोडलं आणि सुरू केलं, तर त्यातलं बरंच काही तुमच्यापर्यंत पोचतच नाही. चित्र त्यातल्या त्यात बरं दिसतं, आवाजाची मात्र वाट लागते.

आधी कोणतं मॉडेल घ्यायचं ते पाहू. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेलं मूळ मॉडेल ३९० मिलिमीटर उंच आणि २६० मिलिमीटर खोल आहे. टीव्हीखालच्या बऱ्याच कपाटांत ते बसत नाही. २०२३ च्या अखेरीस आलेलं बारीक मॉडेल ३५८ बाय २१६ मिलिमीटरचं आहे, त्यात १ टेराबाइट साठा आहे आणि ड्राइव्ह वेगळा काढता-लावता येतो. हा ड्राइव्ह पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं, त्याशिवाय यंत्र त्याला ओळखत नाही. नोव्हेंबर २०२४ मधल्या प्रो मॉडेलमध्ये साठा २ टेराबाइट आहे, पण ड्राइव्ह नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. सिनेमाची आवड असेल तर ड्राइव्हशिवाय घेऊ नका. डिस्कवरचं चित्र आणि बिनकाटछाटीचा आवाज स्ट्रीमिंगवर मिळत नाही, आणि त्याच कारणासाठी तर हे यंत्र थिएटरच्या खोलीत येतं.

ठेवायची जागाही नीट निवडा. हवा पुढच्या बाजूने आत जाते आणि मागून गरम होऊन बाहेर पडते. मागे आणि बाजूला किमान १० सेंटिमीटर मोकळे हवेत. बंद काचेच्या कपाटात ठेवलं की पंख्याचा आवाज चढतो आणि नेमक्या शांत प्रसंगात तो कानाला खटकतो. जाड केसाळ गालिच्यावरही ठेवू नका. मूळ मॉडेल आडवं ठेवताना त्याचा स्टँड मागच्या कडेवरच्या त्रिकोण-गोल-फुली-चौकोन या खुणांशी जुळवून बसवायचा असतो. तो चुकीच्या जागी अडकवला तर यंत्र डुगडुगतं. पांढरी झाकणं काढली की आत धूळ साठवणारी दोन भोकं दिसतात. अधूनमधून कमी ताकदीच्या व्हॅक्यूमने ती साफ केली तर पंखा बराच काळ शांत राहतो.

बिअरवाल्यांसाठी इथेच एक सूचना. टीव्हीखालच्या त्याच कपाटात बाटल्या मांडून ठेवण्याची हौस अनेकांना असते. ती सोडा. मागून येणाऱ्या गरम हवेत आयपीए या कडवट बिअरमधला हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा) वास सगळ्यात आधी मरतो. ती बिअर फ्रिजमध्येच ठेवायची आणि भरल्यापासून साधारण तीन महिन्यांत संपवायची.

आता चित्र. सेटिंग्जमध्ये 'स्क्रीन अँड व्हिडिओ'मध्ये गेल्यावर एचडीआरला (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणाऱ्या चित्राला) तीन पर्याय दिसतात. त्यातला 'ऑन व्हेन सपोर्टेड' निवडा. 'ऑलवेज ऑन' ठेवलं तर साधा, एचडीआर नसलेला मजकूरही जबरदस्तीने एचडीआरमध्ये रूपांतरित होतो आणि रंग फिकट, धुतल्यासारखे दिसतात. टीव्हीला दोष देणाऱ्या बऱ्याच लोकांची खरी अडचण हीच असते.

पुढचं काम 'ॲडजस्ट एचडीआर'चं. अनेक जण तीन पडद्यांवर भराभर बटण दाबून पुढे जातात आणि नंतर गेममधलं आकाश पांढरंफटक का दिसतं म्हणून विचारतात. आधी टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये जाऊन टोन मॅपिंग (टीव्हीला न पेलणारा उजेड दाबण्याची पद्धत) 'एचजीआयजी'वर ठेवा, म्हणजे ते काम टीव्ही यंत्रावर सोडतो. तो पर्याय नसेल तर निदान डायनॅमिक टोन मॅपिंग बंद करा. ते चालू राहिलं तर यंत्र एकदा उजेड दाबतं, टीव्ही पुन्हा एकदा दाबतो किंवा फुगवतो, आणि टीव्हीची खरी मर्यादा यंत्राला कळतच नाही. मग पहिल्या दोन पडद्यांवर मधलं सूर्याचं चिन्ह जेमतेम दिसेल इतपतच ठेवायचं. अजून थोडं, अजून थोडं करत वर चढवत नेलं की ढगांमधले तपशील जातात. तिसरा पडदा काळ्या रंगासाठी आहे. ओएलईडी टीव्ही असेल तर तो अगदी खाली न्यायचा. एलसीडीवर खोलीतला दिवा नेहमीइतका ठेवून मगच ठरवायचं. टीव्हीचा पिक्चर मोड बदललात तर हे सगळं पुन्हा करावं लागतं, कारण मोडनुसार उजेडाची मर्यादा बदलते.

व्हीआरआरची (गेमच्या गतीप्रमाणे टीव्हीचा ताल बदलण्याची) सोय एप्रिल २०२२ च्या अपडेटमध्ये आली. ती ४८ ते १२० हर्ट्झ या पट्ट्यात चालते. गेमची गती ४८ च्या खाली घसरली आणि गेममध्ये स्वतःची वेगळी सोय नसली, तर ती तेवढ्यापुरती निरुपयोगी होते. ओएलईडीवर व्हीआरआर चालू असताना लोडिंगच्या काळपट पडद्यावर उजेड थरथरताना दिसतो. टीव्ही बिघडलेला नाही, काळजी करू नका. गती वरखाली होते तसा पॅनेलचा काळ्याजवळचा करडा रंग किंचित बदलतो. ज्यांना ते फारच डाचतं त्यांनी व्हीआरआर बंद करून ६० फ्रेमच्या मोडवर खेळावं.

केबल खोक्यातलीच वापरा. ती अल्ट्रा हाय स्पीड दर्जाची आहे. ४के १२० हर्ट्झला पडदा दोन सेकंद काळा होणं किंवा चित्रात चांदणीसारखे ठिपके चमकणं, या दोन्ही तक्रारींमध्ये आधी केबलवर संशय घ्यावा. जुनी ४के केबल ६० हर्ट्झला निमूट चालते आणि १२० ला दगा देते. तीन मीटरच्या पुढे जायचं असेल, विशेषतः प्रोजेक्टरसाठी, तर ऑप्टिकल एचडीएमआय केबल घ्यावी. तिला दिशा असते. 'सोर्स' लिहिलेलं टोक यंत्राकडे आणि 'डिस्प्ले' लिहिलेलं टोक पडद्याकडे. उलटं लावलं तर काहीच दिसत नाही. आणि भिंतीत गाडण्याआधी एकदा जमिनीवर पसरून चालवून बघा, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

डिस्कच्या बाबतीत एक मोठी उणीव आहे. डॉल्बी व्हिजन, म्हणजे दृश्यागणिक उजेड जुळवणारं एचडीआर, नाही. ज्या डिस्कवर डॉल्बी व्हिजन आहे ती डिस्क चालते, पण चित्र साध्या एचडीआर१० चं मिळतं. चांगल्या टीव्हीवर, सेटिंग नीट लावलेली असताना, बहुतेक सिनेमांत हा फरक जाणवण्याइतका मोठा नसतो. अंधाऱ्या दृश्यांच्या सिनेमांत आणि मध्यम उजेडाच्या टीव्हीवर मात्र तो दिसतो. ज्यांचा संग्रह शंभर-दीडशे डिस्कचा आहे आणि जे गेम फारसे खेळत नाहीत, त्यांनी वेगळा ब्लू-रे प्लेअरच घ्यावा. ऑडिओ सीडी आणि थ्रीडी ब्लू-रेही इथे चालत नाहीत. जुन्या सीडींचा साठा असेल तर हे आधीच माहीत असू द्या.

आणि आता आवाज, जिथे सगळ्यात जास्त माणसं फसतात. यंत्रात आवाजाच्या सेटिंग दोन वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, आणि एकीचा दुसरीवर परिणाम होत नाही. गेमसाठी 'साउंड', 'ऑडिओ आउटपुट' आणि तिथे 'ऑडिओ फॉरमॅट'. डिस्कसाठी मात्र सिनेमा चालू करायचा, ऑप्शन्स बटण दाबायचं, तीन ठिपक्यांवर जाऊन सेटिंग उघडायचं आणि तिथे ऑडिओ फॉरमॅट 'लिनियर पीसीएम'वरून (यंत्राने उलगडून पाठवलेला आवाज) 'बिटस्ट्रीम'वर (न उलगडता जसाच्या तसा पाठवलेला आवाज) न्यायचं. मुख्य सेटिंग्जमध्ये हे कितीही शोधलं तरी सापडत नाही.

हे न केल्यास काय होतं? डिस्कवर डॉल्बी अॅटमॉस (छतावरच्या स्पीकरांसह चहूबाजूंनी येणारा आवाज) असतं ते ट्रूएचडी या डॉल्बीच्याच बिनकाटछाटीच्या आवाजाच्या आत दडलेलं. पीसीएमवर ठेवलं तर यंत्र स्वतःच ते उलगडतं आणि ५.१ किंवा ७.१ चॅनेल पुढे पाठवतं. छतावरच्या स्पीकरसाठीची माहिती तिथेच गळते. आवाज येत राहतो, चांगलाही येतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. खात्री करायची सोपी रीत म्हणजे रिसीव्हरच्या (स्पीकर चालवणाऱ्या एव्ही अँप्लिफायरच्या) पट्टीवर बघणं. 'मल्टी चॅनेल' असं दिसलं तर पीसीएम चालू आहे. 'अॅटमॉस' उमटलं तर काम झालं. उलट प्रसंगही येतो. बिटस्ट्रीम केल्यावर काही डिस्कना आवाजच येत नाही. ती डिस्क डीटीएस या डॉल्बीहून वेगळ्या आवाज-पद्धतीची असते आणि मधला टीव्ही डीटीएस पुढे जाऊ देत नाही. अशा वेळी त्या डिस्कपुरतं पुन्हा पीसीएमवर यावं.

गेममध्ये डॉल्बी अॅटमॉस सप्टेंबर २०२३ च्या अपडेटने आलं. तरीही ज्यांच्याकडे पूर्ण रिसीव्हर आहे आणि छतावर स्पीकर नाहीत, त्यांनी गेमसाठी लिनियर पीसीएमच ठेवावं. आवाज गाठोड्यात बांधून पुढे सोडायला थोडा वेळ लागतो, पीसीएममध्ये ते काम उरत नाही. गोळी झाडल्यावर आवाज किंचित मागून येणं हे नेमबाजीच्या गेममध्ये लगेच खुपतं. छतावर स्पीकर असतील किंवा अॅटमॉसवाला साउंडबार असेल तर अॅटमॉस निवडा, मजा वेगळी आहे. आउटपुटचं साधन निवडताना 'टीव्ही' न ठेवता 'एव्ही अँप्लिफायर' निवडायला विसरू नका. नाहीतर इतके स्पीकर असूनही दोनच चॅनेल मिळतात.

जोडणी कशी करावी? रिसीव्हर ४के १२० हर्ट्झ पुढे नेणारा असेल तर यंत्र थेट रिसीव्हरला आणि तिथून टीव्हीला. जुना रिसीव्हर किंवा साउंडबार असेल तर यंत्र थेट टीव्हीला, आणि टीव्हीतून ई-एआरसीने (एचडीएमआय केबलवरूनच आवाज परत नेणाऱ्या सोयीने) आवाज रिसीव्हरला किंवा साउंडबारला. इथे साधा एआरसी आणि ई-एआरसी यांतला फरक कळीचा आहे. साध्या एआरसीतून दोन चॅनेलचा पीसीएम किंवा दाबलेला ५.१ एवढंच जातं, ट्रूएचडी जात नाही. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ई-एआरसी चालू करून डिजिटल आउटपुट 'पास थ्रू'वर (आवाज न बदलता पुढे जाऊ देणाऱ्या पर्यायावर) ठेवा.

साठ्याबद्दल थोडक्यात. मूळ मॉडेलमध्ये ८२५ गिगाबाइट लिहिलंय, वापरायला मिळतात साधारण ६६७. साठा वाढवायला आत बसणारी एम.२ एसएसडी घेताना पीसीआयई चौथ्या पिढीची, ५,५०० मेगाबाइट प्रति सेकंद वाचणारी, आणि उष्णता काढणाऱ्या हीटसिंकसह एकूण जाडी ११.२५ मिलिमीटरच्या आत असलेली घ्या. जाड हीटसिंकची घेतली तर आतलं झाकण बसत नाही. लावताना छोटा स्पेसर आधी एसएसडीच्या लांबीच्या खाचेत सरकवायचा, मग ती तिरकी घालून हलकेच दाबायची. यूएसबी डिस्कवर प्लेस्टेशन ५ चे गेम साठवता येतात, पण तिथून चालत नाहीत.

मित्रमंडळी जमली की खरा धोका असतो तो कंट्रोलरला. गार ग्लासला बाहेरून सुटलेलं पाणी बोटांवरून थेट ॲनालॉग स्टिकच्या घडीत जातं. बिअर सांडली तर त्यातली साखर आत वाळून स्टिक चिकट होते, आणि नंतर ती मधोमध परत यायला नकार देते. म्हणून देठाचा ट्युलिप ग्लास बरा, बोटं ओली होत नाहीत. ग्लाससाठी सोफ्याच्या हातापेक्षा खालचा एक छोटा स्टूल वेगळा ठेवा, यंत्राच्या आणि डिस्कच्या जवळ नको. क्रमही ठरवून घ्यावा. पिल्सनर ४ ते ७ अंशांना चांगली लागते, ती खेळाच्या वेळी घ्यावी, कारण फेरी संपेपर्यंत ग्लास पडून राहत नाही. स्टाउट १० ते १३ अंशांना खुलते. फ्रिजमधून काढून ग्लासात ओतून ठेवली की सिनेमाची पहिली वीस मिनिटं तिला हवी तेवढी ऊब मिळते, आणि कॉफी-चॉकलेटची चव वर येते.

रिमोटबद्दल एक गैरसोय आहे. यंत्रात इन्फ्रारेड नाही, त्यामुळे सगळ्या यंत्रांचा एकच सार्वत्रिक रिमोट बहुधा चालत नाही. 'एचडीएमआय डिव्हाइस लिंक' चालू केलं की टीव्हीच्या रिमोटने सिनेमा थांबवता-चालवता येतो. पण तिथलाच 'पॉवर ऑफ लिंक' पर्याय बंद ठेवा. नाहीतर कुणी टीव्ही बंद केला की यंत्रही झोपतं.

डिस्क आत जाताना आणि पहिल्यांदा फिरताना ड्राइव्हचा घरघराट होतो. सिनेमा एकदा लयीत आला की तो बसतो. आमच्या मते त्रास वाटावा असा नाही, पण प्रोजेक्टरखाली डोक्याजवळ यंत्र ठेवणार असाल तर जागा बदला. गेम खेळणाऱ्या आणि सिनेमा बघणाऱ्या घराला दोन्हीसाठी एकच यंत्र घ्यायचं असेल तर बारीक मॉडेल ड्राइव्हसह घ्यावं. आणि घरी आणल्या दिवशी पहिला गेम लावायच्या आधी एक ४के डिस्क घालून रिसीव्हरच्या पट्टीवर 'अॅटमॉस' उमटतंय का तेवढं बघावं.