माथेरानची राणी घरात : 9 मिमी रूळ की 16.5 मिमी?

1907 साली सुरू झालेल्या नेरळ–माथेरान गाडीचं चालतं मॉडेल घरात करायचं, तर रूळ कोणता? मूळ गाडीचा गेज (दोन रुळांमधलं अंतर) 610 मिमी. 1:76 प्रमाणात तो 8 मिमी भरतो, म्हणून 9 मिमी रूळ बराच जवळचा. 228 मिमी त्रिज्येचा फेरा 120 × 60 सेंमी प्लायवर बसतो, शिवाय जुम्मापट्टी स्थानकाचा लूप (गाड्या एकमेकींना ओलांडतात तो बाजूचा रूळ) काढायलाही जागा उरते.

1:43.5 प्रमाणात 16.5 मिमी रूळ वापरला तर गेज थोडा रुंद दिसतो (हवा 14 मिमी), आणि 371 मिमी त्रिज्येसाठी पाट किमान 90 सेंमी रुंद लागतो. पण इंजिन वजनदार, चाकं मोठी; धूळ बसली तरी निमूट चालतं. 9 मिमीचं हलकं इंजिन मात्र रुळावर जरा काळं साचलं की अडखळतं. दर वेळी रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे लागतात.

खरा त्रास चढाचा. मूळ मार्गावर 1:20 चढ आहे. तोच ठेवला तर तीन डब्यांतच चाकं गरागरा फिरू लागतात. 1:30 घ्या, म्हणजे 10 सेंमी उंचीला 3 मीटर रूळ. एवढी लांबी 120 सेंमीच्या पाटावर वळसे घालत 9 मिमीच देतो.

फ्लॅटमध्ये 9 मिमीच. मोठा माळा असेल आणि डोळे थकले असतील, तर 16.5.