बामणोली ते वासोटा : शिवसागरातील लाँचसेवा

साताऱ्याहून कासमार्गे खाली उतरले की कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून, बामणोलीच्या काठावरून वासोटा किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत स्थानिकांची लाँचसेवा चालते. बहुतेक लोक ती गडावर पोहोचण्याचे साधन म्हणून घेतात. माझ्या मते मात्र कोयनेचे खोरे समजून घ्यायचे असेल, तर तास-दीड तासाच्या या जलप्रवासाला पर्याय नाही.

महाबळेश्वरला उगम पावणारी कोयना डोंगरांच्या दोन रांगांमधून थेट दक्षिणेला वाहते, हेळवाकपाशी काटकोनात पूर्वेकडे वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. या वळणाजवळच १०३ मीटर उंचीचे धरण बांधल्यामुळे मागे सुमारे ५० किलोमीटर लांबीचा, अरुंद आणि फाटे फुटलेला जलाशय तयार झाला. हे फाटे म्हणजे सोळशी, कांदाटी यांसारख्या उपनद्यांची बुडालेली खोरी. लाँच डोंगराच्या एखाद्या सोंडेला वळसा घालते आणि बाजूला अचानक पाण्याची नवी वाट उघडते, तेव्हा नकाशावर न उमगलेली ही रचना सहज उलगडत जाते.

आमच्या लाँचचालकाने एका ठिकाणी इंजिन बंद करून आजोबांची भातखाचरे कुठे होती ते हात करून दाखवले. तिथे आता फक्त पाणी होते. धरणामुळे गावेच्या गावे उठली, कित्येक कुटुंबे सोलापूर, सांगली, रायगडपर्यंत विखुरली. जे मागे राहिले त्यांपैकी काहींचे पोट आज या पाण्यावर चालते. त्यांना जलाशयाची खडान्‌खडा माहिती आहे आणि ती सांगण्यात त्यांना आनंद वाटतो, हे या सेवेचे सर्वांत मोठे बलस्थान होय.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र मी समाधानी नाही. लाइफ जॅकेट मागितल्यावर बाकाखालून निघाली, त्यांतील दोहोंचे पट्टे तुटलेले होते आणि लहान मुलांच्या मापाचे एकही नव्हते. इतक्या खोल पाण्यात ही हयगय अक्षम्य आहे. जॅकेट अंगावर नीट बसल्याशिवाय कोणीही लाँचमध्ये पाऊल ठेवू नये. भाडे माणशी नसून लाँचमागे असते, त्यामुळे दोघा-तिघांना ते जड जाते. काठावर दुसरा गट शोधून खर्च वाटून घेणे उत्तम.

जाण्याचा काळही विचारपूर्वक ठरवावा. जलाशयाचे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला वळवून पोफळीला वीजनिर्मितीसाठी सोडले जाते. त्यामुळे पावसाळ्यानंतर पातळी सतत उतरत जाते. दिवाळीनंतर भरलेल्या जलाशयात लाँच पार झाडीला भिडते, तर एप्रिल-मे महिन्यांत काठावर लाल मातीचे रुंद पट्टे उघडे पडतात आणि उतरल्यावर उन्हातून बरेच चालावे लागते. वासोटा कोयना अभयारण्यात असल्याने वन विभागाची परवानगी आणि ओळखपत्र लागते. कर्मचारी पिशव्यांतील प्लास्टिकच्या वस्तू मोजून अनामत घेतात आणि परतताना पुन्हा मोजतात. ही शिस्त मला मनापासून आवडली. गडावर मुक्कामाला बंदी असून अंधारापूर्वी परतावे लागते, म्हणून पहिल्या लाँचनेच निघावे. चढाई झेपणार नसेल, तर कोयना, सोळशी आणि कांदाटी यांच्या त्रिवेणी संगमापर्यंतची छोटी फेरीही पैसे वसूल करून देते.