विज्ञानाच्या साईट्स: काही महिन्यांच्या वापरानंतर, एकाच कसोटीवर

हे लिहायला कारण एक साईट. नाव घेत नाही. विज्ञानावरचे उत्तम लेख आणि माऊसने फिरवून बघता येतील अशा आकृत्या. कित्येक महिने रोजची सवय होती, आवडेल ते बुकमार्क करत गेलो. मग एक दिवस 'आता नव्या रूपात' अशी पट्टी झळकली आणि माझे झाडून सगळे बुकमार्क होमपेजवर जाऊन आदळायला लागले. एरर आला असता तर निदान कळलं तरी असतं. इथे कुठलीही लिंक दाबा, हसतमुख होमपेज हजर! जुने लेख ठेवलेत की उडवलेत, एवढंच मेल करून विचारलं. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे' असं उत्तर तत्काळ आलं. त्यापुढे काही नाही.

त्या तिरमिरीत मी वापरात असलेल्या सगळ्या विज्ञानाच्या साईट्स एकाच प्रश्नावर तपासायला घेतल्या: जुनी लिंक आज उघडते का? डार्क मोड, देखणेपणा, वेग हे सगळं नंतर. काहींवर अन्याय होईल, होऊ दे.

पहिला नंबर निर्विवाद एपॉडचा, म्हणजे नासाच्या 'रोज एक खगोलचित्र'चा. रॉबर्ट नेमिरॉफ आणि जेरी बॉनेल या दोघा खगोलशास्त्रज्ञांनी १६ जून १९९५ ला हे सुरू केलं आणि रूपडं अजून जवळपास तेच आहे. मध्ये चित्र, खाली एक परिच्छेद, आणि त्यात इतक्या लिंका की वाचायला दोन मिनिटं लागतात आणि बाहेर पडायला तास. पृथ्वी न्यूट्रॉन ताऱ्याइतकी दाट झाली तर कशी दिसेल, याचं संगणकावर केलेलं चित्र पहिल्या दिवशी टाकलं होतं. ते आजही जिथल्या तिथे आहे.

पण मला खरी भुरळ घातली ती त्यांच्या लिंकने. 'एपी', पुढे वर्षाचे दोन आकडे, महिन्याचे दोन, तारखेचे दोन, बस्स. पहिल्या दिवसाचं पान ९५०६१६. सर्च नको की मेनू नको, ॲड्रेस बारमध्येच आकडे बदलायचे आणि हव्या त्या दिवशी जाऊन उतरायचं. घरातल्या प्रत्येकाच्या जन्मतारखेचं पान बघून झालं, १९९५ च्या आधी जन्मलेल्यांचा हिरमोड झाला. एक गंमत लक्षात आली का? वर्षाला दोनच आकडे असल्यामुळे १६ जून २०९५ ला ही मंडळी अडकणार, त्या पानाची जागा आधीच भरलेली आहे. इतक्या सुंदर दोषाबद्दल मी एकही गुण कापणार नाही. कापायचाच तर यासाठी: जुन्या परिच्छेदांतल्या, बाहेरच्या साईट्सकडे नेणाऱ्या लिंका बऱ्याच मेल्या आहेत. त्यात एपॉडचा काय दोष म्हणा. अशी मेलेली लिंक वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या साईटवर, टाकून बघायची, पुष्कळदा जुनं पान सापडतं.

आर्काइव्हबद्दल, म्हणजे जर्नलमध्ये छापून येण्याआधीचे शोधनिबंध (प्रीप्रिंट) जिथे ठेवतात त्या आर्काइव्हबद्दल, सुरुवातीला माझं मत बरं नव्हतं. रुक्ष साईट, आणि मोबाईलवर पीडीएफचे दोन कॉलम चिमटीने ओढत वाचायचे. पण कसोटी लावली आणि मत फिरलं. पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ मध्ये लॉस अलामॉसला सुरू केलेला हा कारभार २००१ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात गेला. २००७ च्या एप्रिलपासून पेपरचे नंबर देण्याची पद्धत बदलली, २०१५ मध्ये नंबरात एक आकडा वाढला. एवढी उलथापालथ होऊनही जुने नंबर जसेच्या तसे चालतात! गणितज्ञ ग्रिगोरी पेरेलमन यांनी प्वांकारे अनुमान हा गणितातला गाजलेला प्रश्न सोडवणारे तीन पेपर २००२-०३ मध्ये इथेच टाकले आणि पुढे कुठल्याही जर्नलला पाठवलेच नाहीत. म्हणजे एवढ्या मोठ्या सिद्धतेचा कायमचा पत्ता म्हणजे हे तीन नंबर. शिवाय सुधारणा केली की पहिली आवृत्ती पुसली जात नाही, व्ही१, व्ही२ अशी चळत राहते. पेपर मागे घेतला तरी आधीचा मजकूर वाचता येतो. हे पेपर पीअर रिव्ह्यू झालेले, म्हणजे त्या विषयातल्या इतर तज्ज्ञांनी तपासलेले, असतीलच असं नाही, हे मात्र डोक्यात पक्कं असू द्या. 'शास्त्रज्ञांनी शोधलं' छापाची बातमी दिसली की मी आता आधी पेपर काढून व्ही१ ची तारीख बघतो. बातमीतला 'नुकताच' बराच शिळा निघतो. आणि हो, चिमटीची तक्रार २०२३ च्या डिसेंबरपासून बरीच कमी झाली. बऱ्याच नव्या पेपरांना एचटीएमएल पान मिळतं, ते मोबाईलवर नीट वाचता येतं.

आकड्यांच्या मालिकांचा कोश, ओईआयएस, हा याच जातीचा. नील स्लोन यांनी १९६४ मध्ये मालिका जमवायला सुरुवात केली, १९७३ च्या पुस्तकात त्या २३७२ होत्या, १९९६ पासून सगळं वेबवर. १, २, ५, १४, ४२ एवढं टाका, 'कॅटलान संख्या, ए०००१०८' असं उत्तर येतं, आणि खाली सूत्रं, संदर्भ, टिपा यांची ही लांबलचक रांग. फिबोनाची ए००००४५. साईट दिसायला एखाद्या जुन्या रजिस्टरसारखी, पण 'लिसन' म्हणून एक बारीकशी लिंक आहे तिथे जा. मालिका चक्क पियानोवर वाजते. मूळ संख्यांची चाल अगदीच बेसूर आहे, तरी मी ती पुरी ऐकली.

अर्थ नलस्कूलला मात्र मी सुरुवातीला स्क्रीनसेव्हर समजून सोडून दिलं होतं. काळा गोल, त्यावर वाहणाऱ्या वाऱ्याच्या रेषा, दोन मिनिटं छान वाटतं. नंतर गोल फिरवताना नजर ॲड्रेस बारवर गेली आणि मी सरळ बसलो. गोल हलवला की लिंक बदलते! तारीख, वेळ, हवेचा थर, नकाशाचा प्रकार, अक्षांश-रेखांश, झूम, सगळं त्या लिंकमध्येच लिहिलेलं असतं. जुन्या वादळाच्या दिवसाची लिंक पाठवली की समोरच्यालाही तोच दिवस, तोच कोन दिसतो. एक खोच आहे: नुसतं पान उघडलं तर तारखेच्या जागी 'करंट' असतं, आणि अशी जपलेली लिंक नंतर त्या वेळचा ताजा वारा दाखवते. जपायचंच असेल तर वेळ एक पायरी मागे-पुढे करा, खरी तारीख लिंकमध्ये येते. दिसतो तो वाराही जागोजाग मोजलेला नाही, तो हवामानाच्या मॉडेलने काढलेला असतो. आपल्या गल्लीतल्या झुळकीशी ताडून बघून भांडू नये.

झूनिव्हर्स, म्हणजे शास्त्रज्ञांचा डेटा तपासायला सामान्य लोक मदत करतात ती साईट, माझ्या कसोटीवर सरळ नापास होतं, कारण डेटा संपला की प्रकल्प बंद. पण तिथे कसोटीच चुकीची वाटायला लागते. २००७ मध्ये गॅलेक्सी झू सुरू झालं, लोकांनी दीर्घिकांचे आकार ओळखायचे एवढंच काम. हॅनी व्हॅन आर्केल या डच शिक्षिकेला त्याच वर्षी एका दीर्घिकेशेजारी निळसर धब्बा दिसला आणि तिने 'हे काय आहे' असं विचारलं. शेजारच्या दीर्घिकेतल्या, आता मंदावलेल्या क्वेसारच्या (दीर्घिकेच्या अतितेजस्वी केंद्राच्या) प्रकाशाने उजळलेला तो वायूचा ढग निघाला. तिथून निघणारे शोध शेवटी पेपरांत आणि आर्काइव्हवर जातात, तेव्हा मूळ पान गेलं म्हणून फार गळा काढण्यात अर्थ नाही. तरी प्रकल्प मिटताना निदान फळ्यावर 'संपला, निकाल इथे वाचा' एवढं ठळक असावं, असं माझं म्हणणं आहेच.

फेटची सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवरच करून बघायचे विज्ञानाचे प्रयोग, ठाऊक नसणारे कमीच असतील. नोबेलविजेते कार्ल वाईमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केली, मराठीतही बरीच आहेत. सर्किटच्या सिम्युलेशनमध्ये शॉर्ट केलं की बॅटरी पेट घेते. तारांच्या मध्ये जोडायला नाणं, खोडरबर, पेन्सिल आणि चक्क एक कुत्रा मिळतो. २०२० अखेर फ्लॅशचा, म्हणजे ब्राउझरमध्ये ॲनिमेशन चालवणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरचा, सपोर्ट संपला तेव्हा कित्येक शैक्षणिक साईट्सवर नुसते करडे चौकोन उरले. फेटने मात्र आपली सिम्युलेशन्स एचटीएमएल५ मध्ये नव्याने बांधायला घेतली होती, म्हणून ती तरली. लॉगिन न करता एकेक सिम्युलेशन एका फाईलमध्ये उतरवून घेता येतं. नेट बंद करून उघडलं, व्यवस्थित चाललं. सुधारित आवृत्ती आली तर पुन्हा डाउनलोड करावी लागते, आपल्याकडची फाईल परस्पर बदलत नाही. सध्याच्या माझ्या मनःस्थितीत तर हे पूर्ण गुण देण्यासारखं आहे.