जुन्या पॉप गाण्यांची लय-पट्टी सांगणारी ॲप्स: भरवसा कितपत ठेवावा?

नव्या गाण्यांवर ही ॲप्स चोख चालतात, १९६०च्या दशकातल्या पॉपवर मात्र गडबडतात. तेव्हा ड्रमर बहुधा क्लिकशिवाय (कानात ठेका देणाऱ्या टिकटिकीशिवाय) वाजवत, त्यामुळे कोरसला लय चढते आणि ॲप फक्त सरासरी दाखवतं. मिनिटाला १४० ठोके दिसले तर पायाने ठेका धरून बघा, खरी लय ७० असू शकते.

पट्टीचा घोटाळा मोठा. सी मेजर आणि ए मायनर या दोन पट्ट्यांचे स्वर तेच, ॲप त्यांत गल्लत करतं. म्हणून कडव्याअखेर सूर कुठे विसावतो ते ऐका. टेपचा वेग ३ टक्के वाढवलेला असेल तर गाणं दोन पट्ट्यांच्या मधोमध अडकतं. आधी पिच ५० सेंट (म्हणजे अर्ध्या स्वराच्या निम्म्याने) उतरवा, मग तपासा.

‘मूड’चा रकाना सोडूनच द्या. जलद लयीतलं, मेजरमधलं विरहगीतही तो बिनदिक्कत ‘आनंदी’ ठरवतो.