‘कुड’ लिहायचं की ‘वॉज एबल टू’?

आम्हाला शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं. मराठी शाळांत ते पहिलीपासून आलं २००० साली, तोवर मी नोकरीला लागलो होतो. वहीचं पान उभं दुमडायचं, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. कॅन म्हणजे शकतो, कुड म्हणजे शकलो. त्या पानावर मी बरीच वर्षं निभावलं आणि एके दिवशी त्याच पानाने तोंडघशी पाडलं. रोज इंग्रजीत मेल आणि रिपोर्ट लिहावे लागतात आणि दर वेळी ‘कुड’ की ‘एबल टू’ अशी घालमेल होते, अशांसाठी हे लिहितोय. ‘कॅन’च्या मागे ‘टू’ लागत नाही वगैरे तुम्हाला ठाऊकच आहे, ते सोडून देतो.

वर्तमानकाळात फार विचार करू नका, ‘कॅन’च घ्या. ‘आय कॅन रीड द ड्रॉइंग’ म्हटलं की विषय संपला. ‘आय ॲम एबल टू रीड द ड्रॉइंग’ हे चुकीचं नाही, पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पट्टी काढल्यावर म्हणावं तसं वाटतं. ओबामांच्या २००८ च्या प्रचारात ‘येस वी कॅन’ गाजलं. ‘येस वी आर एबल टू’ अशी घोषणा मनातल्या मनात देऊन बघा. वस्तूंच्या बाबतीतही तेच. ‘द कव्हर कॅन बी रिमूव्ड’ सरळ आहे. ‘द कव्हर इज एबल टू बी रिमूव्ड’ म्हटलं की त्या कव्हरच्याच अंगात काही कला असावी असं वाटतं.

इथे थोडं विषयांतर. आपल्याकडे ‘मला पोहता येतं’, ‘मी तिथवर पोहू शकतो’ आणि ‘आता मला पोहवत नाही’ ही तीन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यात शिकलेली विद्या, दुसऱ्यात आवाका, तिसऱ्यात थकलेलं शरीर. इंग्रजी तिन्हींना ‘कॅन’ देऊन मोकळं होतं. गंमत म्हणजे ‘कॅन’चा मूळ अर्थ ‘जाणणे’. आपल्या ‘ज्ञान’मधला ‘ज्ञा’ आणि इंग्रजीतला ‘नो’, म्हणजे जाणणे, हे दोघे त्याचे भाऊबंद. आपलं ‘शकणे’ मात्र ‘शक्ती’च्या घरातलं. म्हणजे ‘कॅन’चं खरं नातं ‘पोहता येतं’शी, आणि आम्ही वहीत सोयरीक जुळवली ‘शकणे’शी. माझ्या घोळाचं मूळ तिथेच असावं असं मला आपलं वाटतं.

आता तो घोळ. मी सर्व्हिस इंजिनिअर. भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात एक मशीन आवाज करत होतं, स्पिंडलचं बेअरिंग गेलेलं. मशीनच्या मालक कंपनीचं मुख्य ऑफिस इंग्लंडात, आणि रोजचा रिपोर्ट तिकडे जायचा. दिवसभर खपून मी आणि माझ्या हाताखालचा पोरगा, दोघांनी बेअरिंग बदललं, ट्रायल घेतली, आवाज बंद. संध्याकाळी ग्रीसच्या हातांनीच मेल टाइप केला. वर तारीख आणि खाली एकच ओळ: ‘वी कुड रिप्लेस द स्पिंडल बेअरिंग अँड टेक अ ट्रायल.’ माझ्या डोक्यात मराठी वाक्य होतं, बेअरिंग बदलू शकलो आणि ट्रायल घेऊ शकलो. थोडी शाबासकीची अपेक्षाही होती, खोटं कशाला बोलू.

रात्री उत्तर आलं. ‘गुड आयडिया. प्लीज गो अहेड. हाउ लाँग विल इट टेक?’

सकाळी पोरग्याला दाखवलं. जुनं बेअरिंग समोर ट्रेमध्ये पडलेलं, मशीन गुपचूप चाललेलं. त्याने दोनदा वाचलं आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, ‘‘सर, परत बदलायचं का?’’

चूक तिकडच्यांची नव्हती. मराठीत ‘बदलू शकलो’ म्हटलं की काम झालं, शंकेला जागाच नाही. इंग्रजीत ‘कुड’ने अंगात बळ होतं एवढंच कळतं. ते वापरलं की नाही, हे वाक्य सांगत नाही. शिवाय ‘कुड’चा दुसरा धंदा आहे सुचवण्याचा. ‘वी कुड रिप्लेस’ म्हणजे ‘बदलून बघता येईल’. माझा रिपोर्ट त्यांनी प्रस्ताव म्हणून वाचला आणि वर मंजुरीही दिली. ‘वी वेअर एबल टू रिप्लेस’ लिहिलं असतं तर बेअरिंग बदललं गेलंय हे तिकडे एका वाचनात कळलं असतं.

तरी ‘कुड’ला भूतकाळातून हद्दपार करा असं मी म्हणणार नाही. लहानपणी विहीर आरपार पोहायचो, हे सांगायला ‘आय कुड स्विम’ अगदी योग्य, कारण तिथे एका दिवसाची गोष्ट नसते. ‘आय कुड हिअर द नॉइज’ही चालतं. ऐकू येणं, दिसणं, वास येणं यांना सूट आहे. आणि ‘कुडन्ट’ तर बिनधास्त वापरा. जमलंच नाही म्हटल्यावर केलं की नाही हा प्रश्न उरत नाही. अडचण फक्त एका जागी आहे: एका ठरावीक वेळी केलेलं, पार पडलेलं काम. पण नोकरीतले रिपोर्ट दुसरं काय सांगतात?

‘मॅनेज्ड टू’ नावाचा तिसरा भिडूही आहे. त्यात काम झालंय हे नक्की कळतं, पण दमछाकही दिसते, म्हणजे आपलं ‘कसंबसं केलं’. गाडी सुटता सुटता पकडली तर ‘आय मॅनेज्ड टू कॅच द ट्रेन’ शोभतं. बेअरिंग बदलल्याच्या रिपोर्टात तेच लिहिलं तर पुढच्या वेळी ते दुसऱ्या कुणाला तरी पाठवतील अशी भीती वाटते. मी तो मित्रांच्या गप्पांसाठी राखून ठेवलाय.

फोनवरचा त्रास वेगळा. अमेरिकन माणूस ‘कॅन्ट’ म्हणताना शेवटचा ‘ट’ बहुतेक गिळतो, आणि साधं ‘कॅन’ म्हणायचं असेल तेव्हा ते ‘कन्’ इतकं आखूड करतो. आपण मात्र ‘आय कॅन कम’ म्हणताना ‘कॅन’ ठणकावून, पूर्ण तोंड उघडून म्हणतो. त्याच्या कानाला ते ‘कॅन्ट’ वाटू शकतं. मी येतो म्हणालो आणि समोरच्याने ‘ओके, नो प्रॉब्लेम, सम अदर टाइम’ म्हटलं, असं माझं दोनदा झालंय. कदाचित लाइनही खराब असेल. पण ‘आय ॲम नॉट एबल टू’मधला ‘नॉट’ स्वतंत्र उभा असतो, तो कुणी गिळत नाही. म्हणून नकार फोनवर द्यायचा असेल तर मी तोच धरतो.

नकाराचाच आणखी एक पदर. ‘आय कान्ट कम ऑन सॅटर्डे’ आणि ‘आय वोन्ट बी एबल टू कम’ यांत व्याकरणाने फरक थोडा, ऐकायला बराच. पहिलं आपल्या ‘नाही येऊ शकत’सारखं, दार लावून घेतल्यासारखं. दुसरं ‘यायला जमणार नाही हो’. त्या ‘हो’साठी इंग्रजीत शब्द नाही, पण ‘एबल टू’च्या लांबीतच तो थोडा मुरलेला असतो, असं आपलं माझ्या कानाला वाटतं.

या ‘जमणे’वरूनच मी नंतर वहीचं ते पान मनातल्या मनात नव्याने लिहिलं. जमलं, ‘वॉज एबल टू’. जमेल, ‘विल बी एबल टू’. तीन दिवस झोपायला जमलेलं नाही, ‘हॅवन्ट बीन एबल टू स्लीप’. ‘जमणे’ जसं कुठल्याही काळात सुखाने फिरतं तसंच हेही फिरतं. ‘कॅन’ला ‘विल’ किंवा ‘हॅव’ जोडून बघा, गाडी जागची हलत नाही. उद्याची भेट ठरवायला ‘आय कॅन कम टुमॉरो’ चालतं हे खरं. पण अजून न शिकलेली गोष्ट पुढे येईल म्हणायचं, उदाहरणार्थ क्लास संपल्यावर गाडी चालवता येईल, तर ‘विल बी एबल टू’ला पर्याय नाही.

आणि निवड करायची म्हणजे एकच घ्यायचं. आमच्याकडे सर्रास ऐकू येणारं ‘वी कुड एबल टू’ म्हणजे एका डब्याला दोन झाकणं. सध्या माझ्याकडून वर्तमानकाळात ‘कॅन’ जातं, बाकी जिथे मराठीत ‘जमणे’ ओठांवर येतं तिथे ‘एबल टू’. दोन शब्द जास्त टाइप होतात, वाक्य थोडं जड होतं, कबूल. काम झालंच असेल आणि कौतुक नको असेल, तर दोन्ही गाळून नुसतं ‘वी रिप्लेस्ड’ लिहिलं तरी कुणाचं काही अडत नाही.

परवा त्याच पोरग्याचा रिपोर्ट तपासायला आला. आता तो एकटा साइटवर जातो. ‘वी रिप्लेस्ड द सील. वी वेअर नॉट एबल टू टेक अ ट्रायल, ॲज देअर वॉज नो पॉवर.’ मी फक्त तारीख दुरुस्त केली.